दोन गावांच्या हद्दीवरची बाथरूम

ऑर्लिन हागेनला फक्त एक बाथरूम हवी होती. खालच्या मजल्यावर, लहानशी, आंघोळीपुरती आणि बाकीच्या गोष्टींपुरती. दोन गावं आणि एक काउंटी यांच्यात तह घडवून आणावा, अशी महत्त्वाकांक्षा त्याने आयुष्यात कधी बाळगली नव्हती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला नकाशांची हौस असते हे खरं, पण स्वतःच नकाशात सापडायची हौस कुणालाच नसते.

निमित्त झालं लोरेटाच्या खुब्याचं. लोरेटा म्हणजे त्याची बायको. तिचा खुबा पार झिजला होता आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो बदलायचा असं ठरलं होतं. त्यानंतर दोन महिने जिना चढायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं, आणि हागेनांच्या घरातली एकुलती एक बाथरूम होती वरच्या मजल्यावर. म्हणजे एकतर बाथरूम खाली यायला हवी, नाहीतर लोरेटाने शेजारच्या सेंट वेंडेल गावी बहिणीकडे, इमेल्डाकडे जाऊन राहायला हवं. इमेल्डाचं सगळं घर एकाच मजल्यावर होतं. शिवाय लोरेटाच्या लग्नात 'हे काही टिकायचं नाही' असं ती म्हणाली होती आणि गेली चाळीसेक वर्षं ती मोठ्या धीराने वाट पाहत होती.

लोरेटाशिवाय ऑर्लिन त्या घरात एक रात्रही राहिलेला नव्हता आणि या वयात ते शिकायची त्याची तयारी नव्हती. पण हे त्याने लोरेटाला सांगितलं नव्हतं. आमच्या मिनेसोटात नवरा बायकोशी असलं काही बोलायला लागला, तर बायको त्याला आधी दवाखान्यात नेते.

तर जूनमध्ये ऑर्लिन बांधकामाची परवानगी मागायला काउंटीच्या कचेरीत गेला आणि तिथेच माशी शिंकली. ऑर्लिनचं घर नॉर्डबी आणि सेंट वेंडेल या दोन गावांच्या बरोबर मधे. नॉर्डबी नॉर्वेजियनांचं, ल्युथेरन. सेंट वेंडेल जर्मनांचं, कॅथलिक. दोन्ही गावं एकमेकांना इतकी वर्षं पाण्यात पाहत आली आहेत की आता ते पाणीच त्यांना मानवलं आहे. नॉर्डबीने पाण्याची टाकी बांधली, तेव्हा सेंट वेंडेलने हातभर उंच बांधली. मग नॉर्डबीने आपल्या टाकीवर झेंड्याची काठी लावली. आता दोन्ही गावांची घरं पसरत पसरत मक्याच्या शेतांत शिरायला लागली होती. म्हणून दोन गावं आणि काउंटी अशा तिघांनी मिळून एक रेषा आखायचं ठरवलं होतं. रेषेच्या या बाजूला कोणी काय बांधायचं ते नॉर्डबी ठरवणार, त्या बाजूला सेंट वेंडेल, आणि उरलेलं शेत शेतच राहावं हे काउंटी बघणार. रेषा ठरेपर्यंत मधल्या पट्ट्यात बांधकाम बंद.

कचेरीच्या भिंतीवर नकाशा होता. नॉर्डबी निळं, सेंट वेंडेल पिवळं, आणि मधे एक पांढरा पट्टा. त्या पट्ट्यात एक ओढा होता, डेल्मर क्वामचं सोयाबीनचं शेत होतं आणि ऑर्लिनचं घर होतं.

"काय बांधायचंय तुम्हाला?" खिडकीमागच्या बाईने विचारलं.

ऑर्लिनने मागे वळून पाहिलं. कुत्र्याचा परवाना काढायला आलेला सेंट वेंडेलचा एक माणूस रांगेत उभा होता आणि त्याचे कान ऑर्लिनला जरा मोठेच वाटले. बायकोच्या संडासाची गोष्ट परगावच्या माणसासमोर काय सांगायची?

"विशेष काही नाही," तो म्हणाला. "थोडंसं. असंच."

"असंच असेल तर मग थांबा थोडं," बाई म्हणाली.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं म्हणतात. आमच्या काउंटीत भांडं तर लपवतातच, वर आपल्याला ताक आवडतच नाही असंही सांगतात. ऑर्लिन त्या शिकवणीत वाढलेला. तो घरी आला आणि 'चौकशी केली, विचार चालू आहे त्यांचा' एवढंच लोरेटाला म्हणाला.

खरं काय ते त्याने डेल्मरला सांगितलं, ही त्याची दुसरी चूक. डेल्मर रस्त्यापलीकडे राहायचा. तो सकाळची कॉफी नॉर्डबीत प्यायचा आणि दुपारची सेंट वेंडेलमध्ये. मधल्या वेळात तो सल्ला द्यायचा.

"पांढरा का ठेवला पण?" डेल्मर म्हणाला. "निळा नाही, पिवळा नाही. पांढरा म्हणजे राखून ठेवलेला. कोणीतरी येतंय."

"कोण येतंय?"

"ते आपल्याला कळायला हवं असतं, तर पांढरा कशाला ठेवला असता?"

कोणीतरी म्हणजे मोठं गोदाम असेल, नाहीतर हमरस्ता, नाहीतर टर्कीचा कारखाना, अशी डेल्मरने यादीच वाचली आणि शेवटी आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघ ऑर्लिन, तुला गरज आहे हे कोणाला कळू देऊ नकोस. गरज दिसली की माणूस संपला." ते ऑर्लिनच्या मनात घट्ट बसलं.

आणि पुढच्याच आठवड्यात नॉर्डबीचा महापौर लिंबाच्या वड्या घेऊन आला.

महापौर म्हणजे गॉर्डी नेस. गावात त्याची लाकडाची वखार आहे आणि शाळेत तो ऑर्लिनच्याच वर्गात होता. 'सहजच आलो होतो' म्हणून तो स्वयंपाकघरात टेकला. पाऊस झाला, मका झाला, गेल्या वर्षीचा पाऊस आणि मकाही झाला. मग तो निघाला. आमच्याकडे माणूस निघाला म्हणजे भेटीचा उत्तरार्ध सुरू होतो. टेबलापाशी एकदा निघाला, दारापाशी दुसऱ्यांदा, आणि गाडीच्या खिडकीतून बोलायचं ते खरं बोलला.

"ही तुझी जागा," गॉर्डी म्हणाला. "म्हणजे घाई काहीच नाही. पण सेंट वेंडेलचं कोणी आलं होतं का?"

"नाही बुवा," ऑर्लिन म्हणाला.

"नाही ना? मग ठीक," असं म्हणून गॉर्डी गेला, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. चारच दिवसांत सेंट वेंडेलचा महापौर क्लेम थिएल्मान घरी केलेलं सॉसेज घेऊन हजर झाला. धंद्याने नळकाम करणारा माणूस. आल्या आल्या त्याची नजर टेबलावरच्या लिंबाच्या वड्यांवर पडली आणि तिथून ती हलेचना.

"वड्या गॉर्डीच्या बायकोच्या वाटतात," क्लेम म्हणाला.

"असतील," ऑर्लिन म्हणाला.

आता एक नळकाम करणारा तज्ज्ञ घरात बसला होता. बाथरूमची गोष्ट काढायला याहून चांगला मुहूर्त पंचांगातही सापडला नसता. पण ऑर्लिनने त्याला पाऊस आणि मका वाढला आणि वाटेला लावलं. लोरेटाने हे सगळं शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं.

"त्याला विचारलं का नाहीस?"

"विचारलं की आपण उघडे पडतो. दोघांनाही आपली जागा हवीय, लोरेटा. उगीच कोणी सॉसेज आणत नाही."

"दोघांना मिळून आपली जागा हवीय, आणि आपल्याला एक संडास मिळत नाही," लोरेटा म्हणाली, आणि कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, वर गेली. ऑर्लिन खाली उभा राहून तिचं पाऊल ऐकत राहिला. ते ऐकवत नव्हतं.

खरी गंमत अशी होती की त्या जागेची दोघांनाही तसूभर गरज नव्हती. गॉर्डी आला, कारण क्लेम जाणार आहे असं डेल्मरने त्याला सकाळच्या कॉफीला सांगितलं होतं. क्लेम आला, कारण गॉर्डी जाऊन आला हे त्याला डेल्मरने दुपारच्या कॉफीला सांगितलं. डेल्मरचा यात काडीचाही स्वार्थ नव्हता. नुसत्या कॉफीने त्याचं भागायचं नाही, इतकंच.

पण संशय एकदा घरात शिरला की तो वरच्या मजल्यावरही विनासायास चढतो. ऑर्लिन दुर्बीण घेऊन खिडकीत बसायला लागला. पक्ष्यांसाठी, असं तो सांगायचा. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर एका बाईने 'लोरेटाचा खुबा कसा आहे?' असं विचारलं, तर 'तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं?' असं तो बोलून बसला. ती बाई बिचारी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. तिने ती बहुधा तिथेच थांबवली.

आणि एका सकाळी त्याच्या अंगणात झेंडे उगवले. लहान लहान, तारेच्या काडीवर लावलेले, घराच्या मागच्या भिंतीपासून थेट रस्त्यापर्यंत. काही नारिंगी होते, पण बरेचसे पिवळे होते. नकाशातलं सेंट वेंडेल पिवळं होतं हे ऑर्लिनच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. माणसाचा डोळा लागायचा अवकाश, की शत्रूने अंगणात मोजणी केली. त्याने एकूण एक झेंडा उपटला, रबर लावून त्यांचा गठ्ठा केला आणि गॅरेजमध्ये लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिला. बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी मर्दुमकी केली असं त्याला वाटलं.

दुपारी खोदकामवाला आला. परवानगी मिळाल्याबरोबर पाया खणता यावा म्हणून ऑर्लिननेच त्याला गुपचूप, तिसऱ्याच गावाहून ठरवलं होतं. त्याने अंगण पाहिलं आणि डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

"जमिनीखालची गॅसची नळी आणि टेलिफोनची तार कुठून जाते, ते दाखवायला मी झेंडे लावून घेतले होते. कुठे गेले?"

"वारा होता," ऑर्लिन म्हणाला.

खोदकामवाला फावडं ठेवायला गॅरेजमध्ये गेला आणि गठ्ठा घेऊन बाहेर आला. "वाऱ्याने रबरसुद्धा लावलं," तो म्हणाला. मग तो गाडीत बसला आणि पुन्हा कधी येईल ते सांगायचं विसरून निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऑर्लिन बराच वेळ अंगणात उभा होता, वारा कुठे आहे का ते बघत.

असं करता करता ऑक्टोबर उजाडला. आमच्याकडे नोव्हेंबरात जमीन गोठते. एकदा गोठली की एप्रिलपर्यंत तिच्यात कुदळ जात नाही. लोरेटाने कपाटातून बॅग खाली काढली होती. इमेल्डाने खोली आवरली असल्याचा निरोप दोनदा पाठवला होता. सगळा भरवसा आता तिघांच्या एकत्र बैठकीवर होता. रेषा त्या दिवशी ठरणार होती.

बैठक कुठे घ्यायची यावरच तीन बैठका झाल्या होत्या. नॉर्डबीत नको, सेंट वेंडेलमध्ये नको, चर्चमध्ये तर नकोच, कारण कोणाच्या? शेवटी काउंटीची बर्फ काढायची यंत्रं ठेवतात त्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. दोन्ही गावांनी आपापली कॉफी आणली होती. एकमेकांच्या कॉफीवर विश्वास टाकण्याइतकी बोलणी अजून पुढे गेलेली नव्हती. पन्नासेक माणसं जमली. लोरेटाही आली. 'तू काय बोललास ते डेल्मरकडून ऐकण्यापेक्षा बरं,' असं म्हणून ती शेवटच्या रांगेत बसली.

बैठक चालवायला होती काउंटीची नवी नियोजन अधिकारी, मिस रूसो. हुशार, चटपटीत बाई. पण ती न्यू जर्सीची होती. तिकडे म्हणे माणसाला काही विचारलं की तो लगेच उत्तर देतो.

आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगीच त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं, आणि मग तीन कप प्यायचे. पहिल्यांदाच हो म्हणणाऱ्याला आमच्याकडे अधाशी म्हणतात, आणि एकदाच विचारणाऱ्याला द्यायचंच नव्हतं असं समजतात. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मिस रूसोला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

ती नकाशापाशी उभी राहिली आणि पांढऱ्या पट्ट्यावर तिने बोट ठेवलं. "मिस्टर नेस, हा भाग नॉर्डबीला घ्यायचा आहे का?"

गॉर्डी तो पट्टा घ्यायचाच असं ठरवून आला होता, कारण क्लेमला तो हवा होता. "छे छे," तो म्हणाला. "सेंट वेंडेललाच राहू दे."

"मिस्टर थिएल्मान?"

क्लेमही पट्टा घ्यायचाच असं ठरवून आला होता. "आम्हाला कशाला?" तो म्हणाला. "नॉर्डबीचा मान पहिला."

दोघेही मागे रेलून दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहू लागले. मिस रूसोने मान हलवली. "दोघांनाही नको. मग तो काउंटीच्या राखीव शेतजमिनीत जाईल. दहा वर्षं नवं बांधकाम नाही." आणि खुशाल पुढे सरकत ती म्हणाली, "या भागात राहणारे मिस्टर हागेन आलेत का? तुम्हाला काही बांधायचंय, काही अडचण आहे?"

ज्या प्रश्नाची ऑर्लिन जूनपासून वाट पाहत होता तो हाच. पन्नास माणसं वळून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या घशात सगळं आलं, खुबा आला, जिना आला, इमेल्डा आली.

"नाही नाही," तो म्हणाला. "माझं काय? चाललंय."

"छान," मिस रूसो म्हणाली आणि तिने पान उलटलं.

काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं, फक्त तिला सोडून. गॉर्डीने तोंड उघडलं, पण तोंड उघडणं म्हणजे मागणं, म्हणून त्याने त्यात वडी घातली. क्लेम छपराकडे पाहत होता. ऑर्लिनला हात वर करायचा होता. तो हाताला सांगत होता आणि हात ऐकत नव्हता. भीड ही भिकेची बहीण हे त्याला मुलांना शिकवायला येत होतं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. लोरेटा जाणार, आणि आपल्याच जिभेपायी जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. लोरेटा उठत होती. तिला उठायला वेळ लागत होता, आणि तो सगळा वेळ पन्नास माणसांना तिच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं. पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती ताठ उभी राहिली.

"मला संडास हवाय," लोरेटा म्हणाली.

सेंट वेंडेलच्या रांगेत एका म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला.

"खालच्या मजल्यावर. माझा खुबा बदलतायत, जिना चढता येणार नाही. माझ्या नवऱ्याला हे बोलता येत नाही, म्हणून मी बोलते. आणि मला बहिणीकडे जायचं नाही. इमेल्डा, तू तिथे बसलीयस ते दिसतंय मला, राग मानू नकोस. मला माझ्या घरी राहायचंय, याच्याजवळ."

ऑर्लिनचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तेही बर्फाच्या यंत्रांच्या शेडमध्ये, दोन गावांसमक्ष. त्याला जमीन दुभंगावी असं वाटत होतं आणि त्याच वेळी फार बरंही वाटत होतं.

मिस रूसो गोंधळली. "पण आजारपणासाठीचं बांधकाम बंदीत येतच नाही," ती म्हणाली. "ना आधीच्या, ना आताच्या. कचेरीत सांगितलं असतं तर त्याच दिवशी सही मिळाली असती. कोणी सांगितलं नाही का?"

पन्नास माणसांनी ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिन शेजारच्या यंत्राचं चाक पाहत होता. चाक चांगलं होतं.

सही तिथल्या तिथे झाली, पण खणणार कोण? खोदकामवाला रुसलेला, आणि जमीन कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. तेव्हा गॉर्डी उठला. लाकूड वखारीत पडलंच आहे आणि शनिवारी नॉर्डबीची चार माणसं पाठवतो, असं तो म्हणाला. क्लेम ताडकन उभा राहिला. लोरेटा जन्माने सेंट वेंडेलची, तिची बाथरूम परक्यांनी बांधलेली गाव सहन करणार नाही, आणि नळाचं काम नॉर्डबीवाल्यांनी केलं तर खाली जायचं ते पाणी वर येईल, असं त्याने सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायची कोणाला गरज पडली नाही.

शनिवारी दोन्ही गावं ऑर्लिनच्या अंगणात उतरली. झेंडे पुन्हा लावून घेतले होते, आणि ऑर्लिनला त्यांच्या आसपास फिरकायला लोरेटाने बंदी केली होती. नॉर्डबीने पूर्वेची अर्धी बाजू उभारली, सेंट वेंडेलने पश्चिमेची. एकाने खिळा ठोकला की दुसरा तो ओढून बघायचा. एकांनी पाणसळ लावून भिंत तपासली की दुसरे आपली वेगळी पाणसळ आणून लावायचे. इतक्या संशयाने बांधलेली भिंत आमच्या काउंटीत दुसरी नाही, आणि इतकी सरळही नाही. तसल्या गर्दीत इमेल्डा ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाटे-मांसाच्या हॉटडिशची दोन मोठी भांडी ठेवून गेली. एक सगळ्यांसाठी. दुसरं ऑर्लिनसाठी, झाकणावर त्याचं नाव लिहून.

बर्फ पडायच्या आधी छप्पर झालं. मग रेषेचा प्रश्न पुन्हा निघाला, कारण आपण बांधलेली अर्धी बाथरूम परगावच्या हद्दीत जाऊ द्यायला कोणीच तयार नव्हतं. मिस रूसो एव्हाना शिकली होती. तिने दोघांनाही तीन तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी दोघेही 'बरं, अर्धा' म्हणाले आणि रेषा ठरली. ती ओढ्यावरून येते, डेल्मरच्या शेतातून जाते आणि हागेनांच्या नव्या बाथरूममधून आरपार निघते. टब नॉर्डबीत, कमोड सेंट वेंडेलमध्ये. "कमोड त्यांनाच का दिला?" असं डेल्मर नॉर्डबीत विचारत हिंडतो. "टब यांनाच का?" हे तो दुपारनंतर विचारतो.

लोरेटा दवाखान्यात होती तेव्हा ऑर्लिन तिथेच खुर्चीत बसून असायचा आणि 'गाडीला थंडीत रस्ता बरा नाही' असं नर्सला सांगायचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो तिला घरी घेऊन आला. वॉकर पुढे टाकत, एकेक पाऊल सांभाळत ती स्वयंपाकघरातून त्या नव्या दारापर्यंत गेली. तिने पूर्वेची भिंत पाहिली, पश्चिमेची पाहिली, आत शिरली आणि दार लावून घेतलं.

ऑर्लिन बाहेर उभा राहिला. आत पाणी वाहिलं आणि थांबलं.

"ऑर्लिन, बाहेर उभा आहेस का?" आतून आवाज आला.

"छे," ऑर्लिन म्हणाला. "मी इकडे खिडकीशी आहे. पक्षी बघतोय."

आत वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"उभा राहा," लोरेटा म्हणाली. "मला भीती वाटतेय. तू आहेस म्हटल्यावर बरं वाटतं."

ऑर्लिनने दारावर हात टेकला. "आहे," तो म्हणाला. "इथेच आहे मी."